मातीच्या शेंगा

वानोळा हा शब्द आमच्या गल्लीतल्या नव्या सुनांना समजावून सांगावा लागतो. शेतात जे पिकेल त्यातलं थोडं, पहिलं आणि चांगलं, आपण तोंडात घालायच्या आधी दुसऱ्याच्या घरी पोचवायचं, त्याला वानोळा म्हणतात. त्याचे पैसे घ्यायचे नसतात आणि देणाऱ्याचे आभारही मानायचे नसतात. मुली म्हणतात, "म्हणजे सॅम्पल का काकू?" मी कपाळावर हात मारते. सॅम्पल देणाऱ्याला काहीतरी विकायचं असतं. माझ्या आईला कधीच काही विकायचं नव्हतं. विकायची वेळ नंतर आली, आणि ती तिने आणली नव्हती.

माझं माहेर चाकणच्या पलीकडे, एका ओढ्याच्या काठचं. लग्न होऊन मी काळेवाडीत आले तेव्हा दोन खोल्या, वर पत्रा आणि दारापुढून वाहणारं गटार, एवढाच संसार होता. आमचे हे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. शेजारी लातूरकडचं कुटुंब, समोर कोकणातलं, कोपऱ्यावरच्या बौद्ध ताईंचे मालक आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात. सगळ्यांची गावं लांब. माझं तेवढं हाकेच्या अंतरावर, म्हणून गल्लीत वानोळा यायचा तो एकट्या माझ्या घरी. कधी दुधाच्या टेम्पोतून यायचा, कधी कुणा गावकऱ्याच्या मोटरसायकलला लटकून, आणि सणावाराला दादा स्वतः घेऊन यायचा.

तो यायचा एका पांढऱ्या पिशवीतून. युरियाच्या गोणीची पिशवी, आईने दाभणाने शिवलेली. धुऊन धुऊन तिच्यावरची अक्षरं अर्धी पुसली होती. तिच्यात हिवाळ्यात हरभऱ्याच्या जुड्या आणि पावटा असायचा, दिवाळीच्या सुमाराला ओल्या भुईमुगाच्या शेंगा, उन्हाळ्यात कांदे. आणि भादव्यात वाळकं. वाळूक म्हणजे काकडीची रानात वाढलेली बहीण, जाड सालीची, पोटाशी पिवळसर. बाजरीच्या ओळीत बी टाकून द्यायचं, मग त्याच्याकडे बघायचंही नाही. पिकलं की ते आपसूक तडकतं, म्हणून टेम्पोत टिकत नाही आणि मोठ्या बाजारात येत नाही. ज्याच्या बाजरीत उगवलं त्याने खावं, नाहीतर त्याने ज्याला दिलं त्याने.

पिशवी आली की मी वाट्या घेऊन गल्लीभर फिरायची. महिनाअखेरीला आम्ही सगळेच सारखे कडके, पण पिशवी आली की मी पाटलीण. लातूरच्या वहिनी म्हणायच्या, "तुमच्या शेंगांची चवच न्यारी." मी मान अशी हलवायची की जणू ती चव मीच नांगरली होती. आणि पिशवी परत जाताना रिकामी पाठवायची नाही, हा आईचा दंडक. मग मी तिच्यात साखर घालायची, चहापत्ती, खोबऱ्याची वाटी, काहीच नसलं तर अंगाच्या साबणाची एक वडी. आई तो साबण वापरायची नाही, लुगड्यांच्या घडीत ठेवायची. तिच्या ट्रंकेला माझ्या घराचा वास येतो असं म्हणायची.

मग कंपन्या आल्या. आधी हायवेच्या पलीकडे आल्या, तेव्हा आमच्या गावाला वाटलं, आपण वाचलो. नंतर एजंट आले. पांढरे कपडे, पांढरी गाडी आणि तोंडात मध घोळवल्यासारखं "मावशी, मावशी". एका मोठ्या गोदामवाल्याला अख्खं शिवार एकत्र हवं होतं. एखाददुसऱ्याचं रान घेऊन त्याला भागणार नव्हतं. अशा व्यवहारात नाही म्हणणाऱ्यावर कुणी काठी उगारत नाही. फक्त त्याच्या चारी बाजूंची रानं जातात आणि त्याला स्वतःच्या बांधावर जायला वाट उरत नाही. बैलगाडी कुठून न्यायची, पाइपलाइन कुणाच्या रानातून आणायची? माझा दादा लोभी नव्हता. तो घाबरला होता, आणि त्याचं घाबरणं बरोबर होतं. वडील असते तर त्यांनीही शेवटी अंगठा दिला असता असं मला वाटतं, पण ते असताना हा प्रश्न आला नाही हे त्यांचं नशीब.

आईने एकच गोष्ट मागितली. ओढ्याची पट्टी ठेवा. ओढ्याकडेला काळ्या मातीचा एक लांबट तुकडा होता, बैल दमायच्या आत नांगरून व्हायचा एवढाच. शेंगा, बाजरी, वाळकं, सगळं त्यातलं. दादा म्हणाला, "ऱ्हाईल, आई. ती कुणाला पायजे?"

रजिस्ट्रार कचेरीत सह्यांना मलाही बोलावलं होतं. लेकीची सही लागते. आमच्या घरात रानांना नावं होती: चिंचेचं, टेपाड, विहिरीचं, ओढ्याची पट्टी. कागदावर मात्र गट नंबर होते. आम्ही सगळे तिथे बसलो होतो, पण त्या आकड्यांमधलं चिंचेचं कुठलं आणि टेपाड कुठलं हे आमच्यातल्या एकालाही ओळखू येत नव्हतं. बाहेर आल्यावर मी आईला विचारलं, पट्टी राहिली ना? ती म्हणाली, "ऱ्हायली." तिलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

दादाने बंगला बांधला. फरशी इतकी गुळगुळीत की आई भिंत धरून चालायची. जनावरं विकली. ओट्यावरून पूर्वी टेपाडापर्यंत नजर जायची, आता ती समोरच्या राखाडी भिंतीला जाऊन आदळते. भिंतीच्या वर कंटेनरचे टप दिसतात, लाल आणि निळे. गावात गाड्या आल्या, दारात झुले आले, आणि घराघरांतलं देणंघेणं थांबलं. कुणाकडे दुसऱ्याला नसलेलं असं काही उरलंच नाही. दिवाळीला आता एकमेकांकडे मिठाईचे बॉक्स जातात. बॉक्सवर किंमत छापलेली असते, त्यामुळे परत केवढा द्यायचा याचा हिशोब सोपा होतो.

माझ्याकडे मात्र पांढरी पिशवी येत राहिली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे पोहरा भरून येत होता, म्हणजे आडात पाणी असणारच, असं मी धरून चालले. त्या पहिल्या दिवाळीत शेंगा आल्या. मी त्या टोपल्यात ओतल्या आणि पाणी घातलं, तर पाणी तांबडं झालं. मी लगेच फोन लावला. मला चेष्टा करायची हौस फार.

"आई, आपल्या काळ्या रानातल्या शेंगांना तांबडी माती कुठून लागली गं? रानाने लुगडं बदललं काय?"

 पलीकडे ती हसली. "अगं, जेसीबीनं समदं उकारलंय. खालचा मुरूम वर आलाय."

मला पटलं. का पटू नये? जेसीबी तर सगळीकडेच होते. भादव्यात वाळकं आली नाहीत तेव्हाही मी विचारलं होतं. म्हणाली, "औंदा न्हाई लागली." पुढच्या भादव्यातही नाही लागली. मी म्हटलं, वेलाचंही माणसासारखंच असतं, एखाद्या वर्षी मन लागत नाही. एवढं बोलून मी आपली शिलाई मशीनवर बसले. मी ब्लाउज शिवते. दुसऱ्याच्या कापडातला एका सुताचा फरक माझ्या डोळ्यांना दिसतो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी एका नात्यातल्या बाईच्या दहाव्याला चाकणच्या पुढे गेले होते. परत येताना वाटलं, एवढं आलोय तर माहेरी डोकावून जाऊ. तसं कळवलं नव्हतं. चाकणला बाजार भरला होता. आईला केळी घ्यावीत म्हणून मी आत शिरले, आणि शेंगवाल्यांच्या रांगेत मला आमची पांढरी पिशवी दिसली. पिशवी मी आधी ओळखली, आई मग. तिची माझ्याकडे पाठ होती. ती उकिडवी बसली होती आणि शेंगांच्या ढिगात हात घालून बघत होती.

"आजी, या घ्या की धुतलेल्या," शेंगवाला म्हणत होता. "चकाचक हायेत."

"धुतलेल्या नगंत. मातीच्याच दे."

"मातीचं वजन घिऊन काय करनार?"

"हाय माजं काम." तिने एक शेंग उचलली, डोळ्यांजवळ नेली, अंगठ्याने चोळली. "ह्या तांबड्यातल्या हायेत व्हय? काळ्या रानातल्या न्हाईत का कुणाकडं?"

तो हसला. "आजी, शेंगा खायच्यात का माती?"

"माजी लेक काळेवाडीला असती," आई म्हणाली. "तिला आपल्या रानातल्या लागत्यात. वळखती ती."

मी गूळवाल्याच्या ताडपत्रीआड सरकले. आई उठली, गुडघ्यावर हात टेकून दोन दमात उठली, आणि पुढच्या माणसाकडे गेली. तिथेही तिने शेंग चोळून बघितली. मग त्याच्या पुढच्याकडे. तिसऱ्याकडे तिला काळ्या मातीच्या मिळाल्या असाव्यात, कारण ती बसली आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं. माझ्या एका फोनवरच्या चेष्टेपायी माझी आई बाजारात माती निवडत फिरत होती. पुढे होऊन तिला हाक मारावी असं फार वाटलं. पण मारली असती तर तिच्या हातातली पिशवी कायमची काढून घेतल्यासारखं झालं असतं. लेकीला वानोळा धाडणारी बाई, एवढंच तर तिचं शेतकरीपण शिल्लक राहिलं होतं. मी केळी घेतली नाहीत आणि माहेरीही गेले नाही. बसमध्ये खिडकीशी बसून रडले.

चार दिवसांनी दादा पिशवी घेऊन आला. शेंगा पाण्यात घातल्या, पाणी काळं झालं. दादा चहा पीत माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, "आई कशी आहे?" तो म्हणाला, "हाय बरी." त्याने बशी खाली ठेवली. पट्टीचं त्याला आधीपासून ठाऊक होतं की पुढे भिंतीचं काम ओढ्यापर्यंत आलं तेव्हा कळलं, हे मी त्याला कधीही विचारलं नाही. मी वाट्या भरल्या आणि गल्लीत गेले. लातूरच्या वहिनी म्हणाल्या, "तुमच्या रानाची चव काही औरच बघा." मी म्हटलं, "असणारच."

त्या रात्री मी फोन करून आईला म्हणाले, "काळ्या रानातल्या शेंगा त्या काळ्या रानातल्या. तोंडाला चव आली." ती इतकी खुश झाली की घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन कुणी किती खाल्ल्या ते विचारत बसली.

पुढच्या भादव्यात कोपऱ्यावरच्या ताईंच्या मुलाने नवी स्कूटर घेतली. त्याच्या बायकोला देहूला दर्शनाला जायचं होतं, ताई म्हणाल्या, तुम्ही जा तिच्याबरोबर, तुम्हाला तिथलं माहीत आहे. इंद्रायणीच्या घाटाकडे उतरायच्या वाटेवर एक म्हातारी पोतं टाकून बसली होती. पोत्यावर चार वाळकं. एकाला बारीक चीर गेली होती आणि तिच्यातून तो वास येत होता. मी जागीच थांबले. कितीला, असंही न विचारता मी चारही उचलली.

"कुठल्या रानातली?" मी विचारलं.

"हितलीच, नदीच्या वरल्या अंगाची," म्हातारी म्हणाली. "बाजरीत लागत्यात."

तीन वाळकं गल्लीत संपली. चौथं, न तडकलेलं, मी पांढऱ्या पिशवीत घातलं आणि दादा आला तेव्हा त्याच्याबरोबर पाठवलं. दर वेळी साखर नि साबण घालतो, या वेळी आईला तिच्या आवडीचं काहीतरी जावं, एवढाच माझा विचार होता. पुढचा विचार मी केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"वाळूक कुठलं गं?"

"देहूला मिळालं."

"ग्वाड हाय. बी भरल्यालं हाय. राखंत घोळून ठिवलंय."

"लाव की मग पुढच्या वर्षी पट्टीत," मी बोलून गेले. इतकी वर्षं आम्ही दोघी असंच बोलत आलो होतो, जीभ आपोआप त्या वाटेने गेली.

पलीकडे भांड्यावरचं झाकण वाजलं. 

"पट्टी कुठाय बाई," ती म्हणाली. "पयल्याच कागदात गेली ती. नंतर कळलं."

मला "अगंबाई" म्हणायला हवं होतं. "हो का, मला कसं नाही सांगितलंस" असं काहीतरी म्हणायला हवं होतं. मला काही सुचलं नाही, मी नुसती गप्प राहिले. त्या गप्प राहण्यातून तिला कळायचं ते कळलं. "तुला ठावं व्हतं," ती म्हणाली. प्रश्न विचारल्यासारखं नाही म्हणाली. मग म्हणाली, भात उतू जातोय, आणि फोन ठेवला.

त्या दिवाळीत शेंगा आल्या नाहीत. हिवाळा सरता सरता दादा आला, त्याच्या हातात पिशवी घडी करून होती. मी घडी उलगडली. तळाशी जुन्या लुगड्याच्या चिंधीची पुरचुंडी होती, आणि तिच्यात राखेत घोळलेलं वाळकाचं बी. दादा म्हणाला, "आईनं सांगितलंय, ज्याला रान आसंल त्याला दे. घरात ठिवू नगं, घरात बी म्हातारं होतं."

मला ते सोपं वाटलं होतं. मी आधी मावशीच्या घरी फोन केला. त्यांचं रान एका कंपनीच्या पार्किंगला गेलं होतं. आतेभाऊ म्हणाला, माझं आहे अजून, पण सौदा झालाय, पावसाळ्यानंतर ताबा, आता काय पेरतेस? चुलत बहिणीकडे प्लॉट पाडले होते आणि त्यावर चुन्याच्या रेघा. नणंदेचे दीर म्हणाले, वाळूक कोण खातं हल्ली, वहिनी? लातूरच्या वहिनी असत्या तर त्यांच्या हाती दिलं असतं, पण त्यांचे मालक रिटायर झाल्यावर ते दोघं लेकाकडे सुरतेला गेले होते. माझ्या सगळ्या गोतात, जिथे कधीकाळी बांधावरून एकमेकांची डोकी फुटायची, तिथे मूठभर बी टाकायला मला एक वाफा मिळेना.

मृग निघाला तेव्हा मी देहूला गेले. म्हातारीची नदीवरची बाजरी मला आठवत होती. घाटाकडच्या वाटेवर पोतं नव्हतं. शेजारच्या फुलवालीला विचारलं. ती हार ओवता ओवता म्हणाली, "त्या आजी न्हाई येत आता. त्यांचं रान नव्या रस्त्यात गेलं." मी पुरचुंडी पर्समध्ये परत ठेवली. फुलवालीकडून एक हार घेतला, देवळात गेले, आणि देवापुढे उभी राहून मला काही मागताच येईना.

आता आई फारशी उठत नाही. गुडघे गेलेत. दादा तिचा पलंग खिडकीशी सरकवायला गेला, तर ती म्हणाली, भिंत बघायला कशाला? पण फोनवर आवाज खणखणीत आहे. गेल्या आठवड्यात तिने विचारलंच.

"बी दिलंस का कुणाला?"

पुरचुंडी समोरच्या फडताळात होती, मीठमिरचीच्या डब्यांमागे.

"दिलं," मी म्हणाले.

"उगावलं का?"

"उगवलं."

"बाजरीत सोडलंय का मोकळ्या रानात?"

"बाजरीत," मी म्हणाले. "चांगली काळी जमीन आहे त्यांची. वेल आलाय हातभर."

"बरं झालं," आई म्हणाली. पुढे बराच वेळ ती वेलाबद्दल बोलत राहिली. फूल आल्यावर पाणी तुटू द्यायचं नाही, पहिलं फळ बियाला ठेवायचं, कोल्ह्यांपासून राखायचं. कोल्हे, म्हणे. मी हूं हूं करत होते. फोन ठेवायच्या आधी ती थांबली.

"त्यास्नी सांग," ती म्हणाली, "लागली की येक वाळूक वानोळ्याला धाडा. लई न्हाई. येकच."

म्हणून श्रावण उतरला की मला बाजार पालथे घालायचे आहेत. चाकण, मोशी, देहू, कुठे मिळेल तिथे. पांढरी पिशवी धुऊन ठेवली आहे. वाळूक जमिनीवर लोळतं, त्याच्या पोटाला माती असते. ती तशीच असलेलं बघून घ्यावं लागेल, आणि काळी असावी लागेल. ओळखते ती.